भिंतीकडे तोंड

जिंतूरहून चारठाण्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाढदिवसाचे जे फ्लेक्स लागलेले दिसतात, त्यातले निम्मे तरी महारुद्र गडदेच्या हातचे असतात. पुढाऱ्याचा कमरेपर्यंतचा फोटो, जोडलेले हात, मागे वाघ नाहीतर उगवता सूर्य, आणि खाली शुभेच्छुकांची टपाल तिकिटाएवढी तोंडं. हे सगळं महारुद्र जिंतुरात बन्सीधरच्या दुकानात संगणकावर जुळवतो. नऊ वर्षं झाली. आलेलं गिऱ्हाईक त्याला एकच गोष्ट सांगतं, मला जरा उजळ कर. महारुद्र उजळ करतो. उन्हानं रापलेली, बिडी ओढून ओठ काळे पडलेली माणसं त्याच्या हाताखालून दुधासारखी होऊन बाहेर पडतात.

त्याला मी शिकवलं आहे. चारठाण्याच्या अलीकडे त्याचं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकोणीस वर्षं होते. त्याच्या घरी मेंढरं. दिवाळी झाली की वडील पंडितराव कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरायचे आणि मागोमाग सगळं घर जायचं. वर्षातले तीन-चार महिने पोरगा शाळेत नसे. परत आला की पाढे विसरलेला असे आणि वाचन अडखळत असे. पाटीवर मात्र मेंढरांची तोंडं काढलेली असत. मी विचारलं की एकेकीवर बोट ठेवून सांगायचा, ही बुजरी, ही चोरटी, ही आईच्या मागं मागं फिरणारी. मला वाटलं, मनचं सांगतोय. म्हणून एकदा शाळा सुटल्यावर पाटी हातात घेऊन मी त्यांच्या वाडग्यावर गेले. काट्यांचं कुंपण करून मेंढरं कोंडतात, ते वाडगं. पाटीवरच्या सहाच्या सहा मेंढ्या मी स्वतः त्या कळपातून ओळखून काढल्या. मेंढरांची तोंडं एकसारखी असतात असं तोवर मी समजत होते.

त्याची हुशारी सांगावी म्हणून मी हे लिहीत नाही. समोरच्याचं तोंड नीट बघायचं ही त्याची सवय होती, एवढंच. बोलायचा कमी. आपण बोलत असलो की टक लावून बघत राहायचा. त्यामुळे काहींना तो आगाऊ वाटे आणि काहींना बावळट. तो दोन्ही नव्हता. हट्टी होता.

दहावीपर्यंत त्यानं चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि पुढे संभाजीनगरला जाऊन पाच वर्षं कला महाविद्यालयात काढली. पंडितरावांना हे शिक्षण कधी कळलं नाही. देवळं रंगवणार का ट्रकामागचे मोर, असं ते येईल-जाईल त्याला हसत विचारायचे, पण अडवलं नाही. शिकून आल्यावर कलाशिक्षकाची जागा कुठं निघेना, म्हणून तो जिंतुरात बन्सीधरकडे लागला. सकाळच्या जीपनं जायचं, दिवस मावळायला परत. बन्सीधर माणूस वाईट नव्हता. वेळेवर पगार द्यायचा आणि नासलेले फ्लेक्स घरी न्यायला मुभा द्यायचा.

त्या फ्लेक्समध्येच पुढचं सगळं आहे.

वाढदिवस उलटून गेला की आमच्याकडे फ्लेक्स वाया जात नाही. कुणी कडब्याच्या गंजीवर घालतं, कुणी सोयाबीनच्या ढिगावर. गडद्यांच्या वाडग्यावर कोकरांसाठी एका अंगाला छप्पर होतं, ते फ्लेक्सचंच. एका रविवारी महारुद्र त्या छपराखाली पडला होता आणि वर बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की पुढारी उन्हाकडे आहे आणि आपल्याकडे त्याची पांढरी पाठ. दहा बाय आठचा कोरा पांढरा पडदा. एवढा मोठा कॅनव्हास जिंतुरात मिळत नाही आणि शहरात मिळतो तो त्याला झेपत नव्हता.

फ्लेक्स म्हणजे प्लॅस्टिक. त्यावर रंग धरत नाही. पहिली दोन चित्रं वाळल्यावर सालपटासारखी निघाली. मग त्यानं ती पाठ पॉलिश पेपरनं घासून खरबरीत केली, त्यावर प्रायमरचे दोन हात दिले आणि चार दिवस वाळू दिलं. तिसऱ्या चित्राचा रंग धरला. तेव्हा तो मला सांगायला घरी आला होता. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण गाव सोडलं नव्हतं. चहा घेतला, खुर्चीवर बसला, आणि प्रायमर या एकाच विषयावर अर्धा तास बोलला. इतकं बोलताना मी त्याला आधी कधी ऐकलं नव्हतं.

तो गावातली माणसं काढायला लागला. दुकानात ज्यांना उजळ करायचं, तीच माणसं घरी त्यांच्या खऱ्या रंगात. नाकाशेजारचे मस, डोळ्यात पडलेलं फूल, हजामतीनंतर गालावर राहिलेले चार केस, काही सोडायचा नाही. लोकांना राग येईल असं मला वाटलं होतं. आला नाही. फ्लेक्सवर चढायला पुढारी व्हावं लागतं, महारुद्रनं आमाला मागून चढवलं, असं एक म्हातारा पारावर सांगत होता, आणि त्यात थट्टा होती तेवढाच मानही होता.

आईला बसायला तयार करायला त्याला दोन वर्षं लागली. भिवराबाई रिकामी बसणारी बाई नव्हे. शेवटी तिनं अट घातली की मी माझं काम करीन, तुला काय करायचं ते कर. ती मांडीवर लोकर घेऊन त्यात अडकलेले गोखरूचे काटे वेचत बसायची आणि तो समोर. तोंड सदा खाली. ती मान वर करील तेवढ्यात तो बघून घ्यायचा आणि परत वाट बघायचा. अकरा रविवार लागले. यासाठी त्यानं वाडग्यावरचाच फ्लेक्स उतरवला होता, सगळ्यांत मोठा. वाऱ्यानं त्याचा एक कोपरा फाटला होता आणि भिवराबाईनंच तो दाभणानं शिवला होता.

ते चित्र मी त्यांच्या अंगणात पाहिलं. आजवर मी पुष्कळ चित्रं पाहिली असं नाही, तेव्हा त्याचं मोल मला सांगता येणार नाही. पण भिवराबाईला मी वीस-बावीस वर्षं ओळखत होते. हातातलं काम थांबवून ती मान वर करते तेव्हा आधी तिच्या कपाळावर एक आठी येते आणि मग डोळे येतात. ती आठी चित्रात होती. तिच्या कातडीचा रंग जमायला आठवडा गेला, असं महारुद्र म्हणाला. ज्वारीच्या भाकरीची तव्याकडची बाजू असते तसा तो रंग होता. भिवराबाई चित्राकडे फार वेळ बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "लय थकले की रे मी." तक्रार नव्हती. कुणीतरी नेमकं बघितलं, याचं तिला बरं वाटलं होतं, असं मला दिसलं.

हे मुंबईत लावायचं, असं त्यानं त्याच दिवशी ठरवलं. आईला सांगितलं, तुझं तोंड मुंबईची माणसं उभी राहून बघतील. तिनं ते गावभर सांगितलं.

पुढची तीन वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण त्यात एकच गोष्ट परत परत झाली. मोठ्या दालनांत अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. भाड्याच्या दालनात जागा लगेच मिळते, पण ती त्याला परवडणारी नव्हती. उरली ती खाजगी दालनं. त्यांना तो फोटो पाठवायचा. बहुतेकांचं उत्तर यायचं नाही. दोघांनी प्रत्यक्ष काम घेऊन यायला सांगितलं आणि हा चित्रांची गुंडाळी खांद्यावर घेऊन परभणीहून रात्रभर उभ्यानं गेला. एका ठिकाणी त्यांनी चित्रं आवडली म्हणून सांगितलं, मग पाठ उलटून बघितली आणि विचारलं, हे फ्लेक्सवर आहे? हे टिकणार नाही, कॅनव्हासवर असतं तर विचार केला असता. दुसरीकडेही तेच. तिसऱ्यांदा एका बाईंनी फोनवरच विचारून घेतलं आणि येऊ नका म्हणाल्या. परत आल्यावर तो यातलं काही घरी बोलायचा नाही. भिवराबाई विचारायची, काय म्हनले? तो म्हणायचा, बघतो म्हनले.

मग अर्पिता भेटली. दक्षिण मुंबईत जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तिचं छोटं दालन आहे. वय तिशीच्या आसपास, बोलणं मऊ. तिच्याबद्दल वाईट लिहावं असं तिनं काही केलं नाही, हे आधीच सांगते. महारुद्र तिच्याकडे गेला आणि त्यानं जमिनीवर गुंडाळी सोडली. रंगाला चिरा जाऊ नयेत म्हणून चित्र बाहेरच्या अंगाला ठेवून तो गुंडाळायचा. त्यामुळे सोडताना चित्र जमिनीकडे गेलं आणि फ्लेक्सची बाजू वर आली. दिनकरराव, आमच्या तालुक्यातले पुढारी, हात जोडून, मागे वाघ. कार्यसम्राट. खाली छत्तीस शुभेच्छुक. महारुद्र घाईनं उलटायला वाकला तेव्हा अर्पिता म्हणाली, थांबा, उलटू नका.

ती त्याभोवती दोनदा फिरली. शिवलेला कोपरा, उन्हानं उडालेला रंग, लेंड्यांचे डाग, सगळं तिनं वाकून पाहिलं. नंतर तिनं चित्रंही पाहिली. चित्रं चांगलीच आहेत, ती म्हणाली, पण अशी चित्रं माझ्याकडे रोज येतात, ही बाजू आजवर कुणी आणली नाही. आजचा सगळा महाराष्ट्र यात आहे. बॅनर बनवणाराही तूच, त्यानं घर शाकारणाराही तूच. हे तिनं कळकळीनं सांगितलं, असं महारुद्र मला म्हणाला.

तो नाही म्हणाला. तेव्हा तिनं तोड काढली. त्यानं आणलेले नऊही फ्लेक्स दालनाच्या मधोमध तारेनं टांगायचे. एका बाजूनं गेलं की पुढारी दिसतील आणि वळसा घालून मागे गेलं की माणसं. भाडं नाही, काही नाही. महारुद्रला हे पटलं. मलाही पटलं. निमंत्रणपत्रिकेवर प्रदर्शनाचं नाव इंग्रजीत होतं. त्यानं मला त्याचा अर्थ सांगितला, तो काही मला लागला नाही. पण खाली त्याचं पूर्ण नाव होतं, महारुद्र पंडित गडदे, आणि ती पत्रिका दोन दिवसांत गावातल्या प्रत्येक फोनवर गेली.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी त्या इमारतीच्या मालकानं छताला भोक पाडायला हरकत घेतली. इमारत जुनी, छत लाकडी. तारा कशाला बांधायच्या? अर्पितानं दिवसभर खटपट केली. संध्याकाळी तिनं त्याला सांगितलं की आता भिंतीवरच लावावे लागतील आणि भिंतीवर लावायचे तर फ्लेक्सची बाजू पुढे. नको असेल तर रद्द करू, मी वाईट वाटून घेणार नाही. महारुद्र खाली रस्त्यावर जाऊन तासभर फिरून आला. वर येऊन म्हणाला, लावा.

हे आम्हाला माहीत नव्हतं. तो फोनवर आईला एवढंच म्हणायचा, येऊ नको, लांब आहे, उन्हाळा आहे, कळपाकडे कोण बघील? मला वाटलं, पोरगा बुजतोय. शहरातल्या लोकांसमोर आईला आणायची त्याला लाज वाटते की काय, असंही एकदा मनात आलं आणि माझा मलाच राग आला. भिवराबाई रोज माझ्याकडे यायची. "बाई, तुमी चला की संगं," म्हणायची. "माह्या तोंडाकडं बघून मुंबईची मानसं काय म्हनत्यात, तेवढं आयकायचंय मला." शेवटी मीच तिकिटं काढली. न कळवता जाऊ, त्याला आनंद होईल, ही कल्पना माझी. त्या गोष्टीचा दोष मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

मुलुंडला माझी भाची वैष्णवी राहते, तिच्याकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सीनं गेलो. प्रदर्शनाचा तो शेवटचा दिवस होता. भिवराबाईनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. जिना चढताना तिनं मला दोनदा विचारलं, पदर नीट हाय का?

आत थंडगार होतं. माणसं बरीच होती, हळू बोलत होती. भिंतींवर एकाशेजारी एक आमच्याच तालुक्यातले फ्लेक्स लागले होते. वाढदिवस, निवड झाल्याबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, पंपाच्या दुकानाचं उद्घाटन. मला वाटलं, चुकीच्या जागी आलो. मग दाराशी महारुद्रचं नाव दिसलं. भिवराबाई एकेका फ्लेक्ससमोर थांबत पुढे गेली. आपलं चित्र पुढच्या खोलीत असेल असं तिला वाटत असावं. पुढे खोली नव्हती. ती परत फिरली आणि दिनकररावांच्या फ्लेक्ससमोर थबकली. वाकली. शिवलेल्या कोपऱ्याचे टाके तिनं बोटानं चाचपले.

तिथला कामगार धावत आला आणि हात लावू नका, मावशी, म्हणाला. तिनं हात मागे घेतला.

तेवढ्यात महारुद्रनं आम्हाला पाहिलं. तो कोपऱ्यात कुणाशी बोलत होता. जवळ आला. माझ्याकडे बघितलं, ते मी विसरणार नाही. भिवराबाईनं मान वळवली नाही. फ्लेक्सकडेच बघत तिनं विचारलं, "ह्याच्या मागं मी हाय ना रे?"

"हाय," तो म्हणाला.

"मंग पुढं का न्हाई?"

त्यानं छताचं सांगितलं, तारांचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी दिनकररावाला मानसांकडं तोंड दिलंस आन् मला भिंतीकडं."

मी शाळेत असताना खोडी काढणाऱ्या पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं करत असे. भिवराबाईची कसली खोडी होती?

महारुद्रची आई आली आहे हे अर्पिताला कळलं तेव्हा ती लगबगीनं आली. वाकून पाया पडली, खरोखरीच्या आदरानं. पाणी मागवलं, खुर्ची दिली. मागच्या चित्रातल्या बाई त्या ह्याच, हे तिनं आजूबाजूच्या लोकांना सांगितलं आणि लोक भिवराबाईकडे बघायला लागले. वर्तमानपत्राचा एक फोटोवाला होता. त्यानं तिला फ्लेक्ससमोर उभं केलं, दिनकररावांच्या जोडलेल्या हातांखाली. जरा डावीकडे, आई, वाघ झाकला जातोय. ती डावीकडे सरकली. अर्पिता म्हणाली, आई, तुमच्यामुळे या कामाला अर्थ आला.

"कोनतं काम, बाई?" भिवराबाईनं विचारलं. अर्पिता हसली. तिला वाटलं, आई चेष्टा करते आहे.

तो फ्लेक्स विकला गेला होता. कुठल्याशा मोठ्या कचेरीच्या दर्शनी भिंतीसाठी एका वास्तुरचनाकारानं घेतला होता. त्याच्या दोन अटी होत्या. फ्लेक्स लोंबू नये म्हणून तो पाठीमागून जाड फळीवर चिकटवून मिळावा, कायमचा. आणि चित्रकाराची सही पुढच्या बाजूला हवी. होकार संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, आणि महारुद्रनं अजून दिलेला नव्हता.

जिन्यात मी त्याला म्हटलं, हे एक देऊ नको, दुसरं दे. तो म्हणाला, "बाई, त्यांना हेच पायजे. हे गेलं तर अर्पिताताई पुढच्या साली परत बोलवतील. तवा सुलटी लावा म्हनीन." मग म्हणाला, "आठ वर्षांत मला पयल्यांदा कुनीतरी हो म्हनलंय."

मी त्याची शिक्षिका. मला काहीतरी सांगता यायला हवं होतं.

तो वर गेला आणि आईसमोर उकिडवा बसला. "माय, देऊ का?"

भिवराबाई म्हणाली, "तू काडलंस, तुहं हाय. मला काय इचारतोस?"

हा होकार नव्हता. त्यालाही ते कळलं, कारण तो तसाच थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत बसला, लहानपणी बघायचा तसा. मग उठला आणि अर्पिताला हो म्हणाला.

सहा वाजता दालन बंद झालं. लोक गेले. बांधाबांध करायला एक मध्यमवयीन माणूस आला, हिंगोलीकडचा निघाला. त्यानं दिनकररावांचा फ्लेक्स उतरवला, जमिनीवर कागद अंथरला आणि फळीसाठी मापं घ्यायला फ्लेक्स उलटा केला.

त्या दालनात दिवे चांगले होते. अंगणात मला न दिसलेल्या गोष्टी दिसल्या. बोटाच्या नखाशी अडकलेला लोकरीचा एक तंतू दिसला. आठी होती. डोळे होते. भिवराबाई खुर्चीवरून उठून कडेला येऊन उभी राहिली. त्या माणसानं चित्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत चित्राकडे. "मावशी, ह्या तर तुमीच," तो म्हणाला. "जशाच्या तशा."

भिवराबाईनं पदर ओठाला लावला आणि मान हलवली. आठ दिवस चाललेल्या प्रदर्शनात तिचं तोंड बघितलेली आम्ही एवढीच माणसं. टेप लावून मापं घेईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं. मग त्यानं कागद टाकला आणि फ्लेक्स सुलटा केला. सुलटा म्हणजे त्यांच्या हिशेबानं.

अर्पितानं जाड टोकाचं काळं पेन दिलं. चित्राच्या बाजूला, भिवराबाईच्या पायाच्या अंगठ्याजवळ, महारुद्रची बारीक लाल सही आधीच होती. आता त्यानं गुडघ्यावर बसून दिनकररावांच्या कोपराखाली, शुभेच्छुकांच्या रांगेच्या वर, दुसरी केली. तारीखही घाला, अर्पिता म्हणाली. त्यानं घातली. आईनं ते बघितलं नाही. ती खिडकीतून खाली बघत होती.

परतीच्या गाडीत, मनमाड मागे पडल्यावर, भिवराबाई एवढंच म्हणाली की तो बांधाबांध करणारा मानूस बरा होता, आणि वैष्णवीनं बांधून दिलेली पोळीची पुरचुंडी सोडून खायला लागली.

ती दमून झोपल्यावर मी एकटीच विचार करत बसले होते. अर्पिताचा राग यावा असं काही सापडेना. त्या वास्तुरचनाकाराला पाठीमागे काय आहे हे बहुधा कुणी सांगितलंही नसेल. महारुद्रनं तरी काय करावं? सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि एका बाईचं तोंड सरसानं फळीला चिकटणार होतं.

वर्तमानपत्रातला फोटो चार दिवसांनी गावात पोहोचला. भिवराबाई फ्लेक्ससमोर उभी, आणि वर दिनकरराव. दिनकररावांच्या माणसांनी तो सगळीकडे पाठवला. साहेबांचा फ्लेक्स मुंबईत लागला. पंधरा दिवसांनी जिंतुरात महारुद्रचा सत्कार झाला, शाल आणि नारळ. दिनकरराव भाषणात म्हणाले की या तरुणानं आपल्या भागाचं नाव मोठं केलं. मागे लावलेल्या फ्लेक्सवर खाली डाव्या कोपऱ्यात महारुद्रचाही फोटो होता, आणि त्या दिवशी तो रजेवर असल्यामुळे दुकानातल्या नव्या माणसानं तो इतका उजळ केला होता की पंडितरावांना पोरगा ओळखू आला नाही. कोनता तुमचा, असं कुणी विचारलं तेव्हा ते चाचपडले. घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट हसत सांगितली. हसलं कुणी नाही.

पावसाळा गेल्यावर अर्पिताचा फोन आला. कबूल केल्याप्रमाणे तिनं त्याला परत बोलावलं होतं. या वेळी बारा हवे होते. महारुद्रनं चित्रं सुलटी लावण्याचं विचारलं. ती म्हणाली, मागे चित्र काढण्यात तुझा वेळ जातो, त्याची गरज नाही. जुने, वापरलेले फ्लेक्स तेवढे निवडून पाठव, निवड तुझी. मागची बाजू कोरी असली तरी चालेल.

त्या रविवारी तो घासलेला, प्रायमर दिलेला नवा फ्लेक्स घेऊन अंगणात आला. भिवराबाई लोकर निवडत होती. मी तिथंच होते, ओट्यावर. तो म्हणाला, माय, जरा बस, परत काढतो. या वेळी विकायला न्हाई. घरात लावू.

तिनं मान वर केली नाही. "मला कशाला बसवायलास? दिनकरराव हाय की. त्यालाच बसव, त्याचं तोंड खपतंय."

तो फ्लेक्स गुंडाळून आत घेऊन गेला. भिवराबाईनं गोखरू वेचणं थांबवलं नाही, पण लोकर तीच ती परत परत चाळत होती, असं माझ्या लक्षात आलं.

बारा फ्लेक्स त्यानं मार्चमध्ये पाठवले. वाटेत मला भेटला तेव्हा मी विचारलं, नीट गेले का? गेले, म्हणाला. पूर्वी एकेक चित्र आधी कागदात, मग कापडात, रंगाला धक्का लागू नये म्हणून दोन दिवस बांधत बसावं लागायचं. या वेळी अर्ध्या तासात झालं, म्हणाला. मागं रंग नव्हता, त्यामुळं कसंबी गुंडाळलं तरी चाललं.